बेडकाची पेटी: दमट असावी, कोंदट नसावी

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे दुसऱ्या कुणी वाचलं तरी संदर्भ लागेल. कळंब्याकडच्या फ्लॅटमध्ये तुमच्याकडे 45 बाय 45 बाय 60 सेंटिमीटरची काचेची पेटी आहे. आत दोन व्हाइट्स ट्री फ्रॉग आहेत. पुढच्या काचेवर सकाळपासून रात्रीपर्यंत पाणी असतं, मुलाला बेडूक दिसत नाहीत, काच पुसली की तासाभरात पुन्हा तेच. आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर 99 वर अडकलेला आहे. लाकडावर पांढरी बुरशी आली आहे आणि आठवडाभर पेटी उघडली की कुबट वास येतो. दुकानदाराने सांगितलं होतं की बेडकाला ओल लागते, वरची जाळी प्लॅस्टिकने झाका आणि दिवसातून तीनदा फवारा मारा. तुम्ही ते इमानाने पाळलंत आणि आता विचारताय की फवारा वाढवू की कमी करू.

फवारा आजपासून बंद करा आणि वरचं प्लॅस्टिक काढून टाका. पाण्याचं भांडं रोज स्वच्छ भरलेलं असू दे, तेवढ्यावर तुमचे बेडूक आठवडाभर मजेत राहतील. या पावसात कोल्हापूरची हवाच इतकी ओली आहे की तुमच्या फवाऱ्याची तिला गरज नाही. आता हे का, आणि पुढे काय करायचं, ते सांगतो. मी सोळा वर्षं बेडूक पाळतोय, पेट्या स्वतः बांधतो, आणि या विषयात चुकांची किंमत माझ्या बेडकांनी मोजली आहे. म्हणून जरा लांबेल, पण सगळं वाचा.

आपल्या भाषेत दोन चांगले शब्द आहेत: दमट आणि कोंदट. बेडकाला दमट हवा लागते, कोंदट हवेत तो आजारी पडतो. दुकानात हा फरक कुणी सांगत नाही. मला तो आंबोलीला कळला. जुलैच्या रात्री तिथे बॅटरी घेऊन उभं राहिलं की अंगावरचा रेनकोट आतूनसुद्धा ओला होतो, इतकं धुकं असतं. डबक्यावर झुकलेल्या फांदीवर मलबारी उडता बेडूक बसलेला असतो, जवळच पानाला त्याच्या फेसाचं घरटं चिकटलेलं असतं. मी एकदा त्या पानाकडे बराच वेळ बघत बसलो होतो. पान एक क्षणही स्थिर नव्हतं. खालून घाटातला वारा येत होता, पानावर थेंब जमत होते आणि झटकले जात होते, बेडकाच्या पाठीवरचं पाणी पसरून पातळ होत होतं. आर्द्रता शंभराच्या घरात, पण हवा एका जागी थांबलेली नाही. आपण घरी काय करतो? आर्द्रतेची नक्कल करतो आणि वारा विसरतो.

(जाता जाता एक कळकळीची विनंती. आंबोली, गगनबावडा, राधानगरी इथून बेडूक उचलून घरी आणू नका, मुलांनाही आणू देऊ नका. आंबोली टोडसारखी जात, जिचं शास्त्रीय वर्णनच 2009 साली झालं, ती अगदी छोट्याशा परिसरात जगते. तिथला एकेक प्राणी मोलाचा आहे.)

आता काचेवरच्या पाण्याचं गणित. हे एकदा समजलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं. तुमच्या पेटीत सुमारे 120 लिटर हवा मावते. 26 अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त 24 ग्रॅमच्या आसपास वाफ धरते. म्हणजे तुमच्या अख्ख्या पेटीतली हवा, अगदी शंभर टक्के आर्द्रतेला, किती पाणी धरेल? सुमारे 3 ग्रॅम. चहाचा चमचासुद्धा भरणार नाही. आणि तुम्ही लिहिलंय की अर्ध्या लिटरची बाटली दिवसाला पाऊण रिकामी होते. ते पावणेचारशे मिली पाणी हवेत जाऊच शकत नाही. ते मातीत मुरतं, तळाला साचतं, आणि तिथून दिवसभर वर चढून काचेवर बसतं. दिव्याने माती कोमट होते, मातीतून वाफ निघते, काच थंड असते, वाफ काचेवर पाणी होऊन खाली ओघळते, पुन्हा मातीत जाते. डाळ शिजताना पातेल्यावरच्या ताटलीला आतून जसं पाणी सुटतं, तेच इथे चोवीस तास चाललंय. तुम्ही काच पुसून फक्त ताटली पुसता, खाली पातेलं तसंच चालू आहे.

आणि काचेवर पाणी दिसतंय म्हणजे आत आर्द्रता भरपूर आहे, असा अर्थ लावू नका. काच हवेच्या दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं त्यापेक्षा, थंड आहे, एवढंच ते पाणी सांगतं. 26 अंशाला 90 टक्के आर्द्रता असेल तर काच 24 अंशाच्या खाली गेली की दव धरणार. आर्द्रता 80 टक्के असेल तर काच साधारण 22 अंशापर्यंत कोरडी राहील. 70 टक्के असेल तर 20 अंशापर्यंत. म्हणजे आर्द्रता 90 वरून 80 वर आणली, किंवा काच दोन अंशांनी कोमट ठेवली, तरी तुमची पुढची काच मोकळी होते. उलट थंडीच्या दिवसांत आत जेमतेम 60 टक्के आर्द्रता असूनही काच ओली दिसते आणि माणूस समाधानाने म्हणतो की ओल चांगली आहे, तेव्हा बेडूक आत कोरडा पडत असतो.

पाणी कुठे जमतं तेही बघा. उद्या सकाळी दिवा लावायच्या आधी पेटीसमोर पाच मिनिटं बसा. वरच्या झाकणाला खालून मोठे थेंब लोंबत असतील तर वर हवा अडलेली आहे. पुढच्या काचेवर मातीच्या लगेच वर चार बोटांचा पट्टा धुरकट असेल आणि वरची काच मोकळी असेल, तर माती गरजेपेक्षा ओली आहे. फक्त मागची काच ओली असेल तर पेटी बाहेरच्या भिंतीला चिकटलेली आहे. पावसात भिजलेली भिंत खोलीपेक्षा थंड असते आणि मागची काच तिच्यामुळे गार पडते. अशा वेळी पेटी भिंतीपासून पाच-सात सेंटिमीटर पुढे ओढायची आणि मागे थर्माकोलचा तुकडा लावायचा, एवढ्यावर काम भागतं. तुमच्या फोटोत पुढची काच वरपासून खालपर्यंत सारखी ओली आहे. म्हणजे माती भिजलेली आणि हवा अडलेली, दोन्ही एकदम.

तुमच्या बेडकांबद्दलही एक गैरसमज आहे. व्हाइट्स ट्री फ्रॉग हा ऑस्ट्रेलियाच्या उत्तर आणि पूर्व भागातला आणि दक्षिण न्यू गिनीतला बेडूक. त्याच्या प्रदेशात पाऊस असतो तसा लांब कोरडा काळही असतो. त्याच्या कातडीवर मेणासारखा थर असतो, त्यामुळे पाणी टिकतं. त्याला 50 ते 70 टक्के आर्द्रता पुरते, फवाऱ्यानंतर तात्पुरती जास्त झाली तर चालते. दक्षिण अमेरिकेतल्या डार्ट फ्रॉगला 80 च्या वर लागते, त्या बेडकांच्या सूचना लोक या बेडकाला लावतात आणि घोटाळा होतो. दुसरं असं की बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. तो पोटाच्या खालच्या, मांड्यांजवळच्या कातडीतून पाणी शोषतो. म्हणून स्वच्छ पाण्याचं पसरट भांडं असलं की तो रात्री त्यात बसून हवं तेवढं पाणी घेतो आणि पुन्हा वर कोरड्या जागी जातो. ही कोरडी जागा त्याचा हक्क आहे. तुमच्या पेटीत ती आज कुठेच नाही. सतत ओल्या आणि थांबलेल्या हवेत कातडीवर जिवाणू वाढतात, पोटाकडे आणि मांडीकडे लालसर डाग येतात. तसा डाग दिसला तर घरी औषध न करता, सरपटणारे आणि उभयचर प्राणी बघणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. सध्या तुमचे बेडूक दिवसा वरच्या जाळीला नाक लावून बसतात असं तुम्ही लिहिलंय. ते मला महत्त्वाचं वाटलं. निरोगी व्हाइट्स दिवसा पानाआड किंवा बुंध्यावर पाय अंगाखाली दुमडून झोपतो. जाळीशी जाऊन बसणारा बेडूक बहुधा मोकळी हवा शोधतोय.

आता हवा खेळवायची कशी. लोक म्हणतात वर अख्खी जाळी आहे, मग हवा येणारच. येत नाही. पंखा नसलेल्या बंद खोलीला फक्त छताला झरोका ठेवला तर जे होईल ते इथे होतं. हवा बाहेर जायला वाट आहे, आत यायला नाही. जुन्या वाड्यांत स्वयंपाकघराला खाली खिडकी आणि वर धुराडं असायचं, ती रचना पेटीत हवी. गरम हवा हलकी असते हे सगळ्यांना माहीत आहे, पण ओली हवासुद्धा तितक्याच गरम कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, कारण पाण्याची वाफ हवेतल्या बाकीच्या वायूंपेक्षा हलकी. म्हणजे दमट हवा स्वतःहून वर जायलाच बघते, तिला फक्त खालून जागा भरून देणारी हवा लागते.

तुमच्या पेटीला पुढच्या दारांखाली हवेची पट्टी नाही, मी फोटोत बघितलं. ती करून घ्या. दारांखालची जी आडवी काच आहे, तिच्यात मातीच्या पातळीच्या वर, पूर्ण रुंदीची दोन-तीन सेंटिमीटर उंचीची फट ठेवायची आणि तिथे जाळी बसवायची. काचवाला काच बदलून देईल. उद्यमनगरात बारीक छिद्रांचा स्टीलचा पत्रा मापात कापून मिळतो, तो सगळ्यात टिकाऊ. नाहीतर भांड्यांच्या दुकानातून मैद्याची स्टीलची चाळण आणा आणि तिची जाळी कापा. बारीक, गुळगुळीत, न गंजणारी. डासांची नायलॉन जाळी लावू नका, खाऊ म्हणून सोडलेले नाकतोडे आणि रातकिडे ती कुरतडून बाहेर येतात. ॲल्युमिनियमच्या खरखरीत जाळीवर बेडूक नाक घासून जखम करून घेतो. सिलिकॉन लावल्यावर व्हिनेगरसारखा वास येतो, तो पूर्ण जाईपर्यंत, किमान आठवडाभर, बेडूक आत सोडू नका.

वरची जाळी मात्र पूर्ण उघडी ठेवायची नाही. साधारण पाचव्या भागाइतकी जाळी उघडी आणि बाकीवर काच, हे प्रमाण कोल्हापुरात वर्षाचे बरेच महिने जमतं. ही उघडी पट्टी पुढच्या बाजूला, पुढच्या काचेच्या बरोबर वर असू दे. मग खालच्या फटीतून आलेली हवा पुढच्या काचेला घासत वर जाते आणि काच स्वतःच कोरडी करते. पट्टी मागे ठेवली तर हवा पेटीतून तिरपी जाते, झाडांना ते बरं, पण पुढची काच तितकी स्वच्छ राहत नाही. मुलाला बेडूक बघायचा आहे, म्हणून तुम्हाला पुढचीच सांगतो.

हे काम झालं की एक परीक्षा घ्या. बेडूक झाकणाच्या डब्यात काढून दुसऱ्या खोलीत ठेवा. धूर त्यांच्या कातडीला अजिबात चालत नाही, म्हणून हे आधी. मग दिवा लावून अर्धा तास जाऊ द्या आणि पेटवलेली अगरबत्ती खालच्या फटीशी धरा. धुराची रेघ आत ओढली गेली, काचेला लागून वर चढली आणि वरच्या पट्टीतून बाहेर पडली, की काम झालं. रेघ फटीपाशीच घुटमळली तर वरची उघडी जागा थोडी वाढवा. मी आजही प्रत्येक नव्या पेटीला हे करतो. तो निळसर धूर काचेमागून सावकाश वर सरकताना दिसतो ना, तेव्हा पेटीला श्वास आला असं वाटतं. परीक्षेनंतर पेटी तासभर उघडी ठेवून सगळा वास जाऊ द्यायचा, मगच बेडूक परत.

एवढं करूनही जुलै-ऑगस्टमध्ये काच पूर्ण सुकणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कारण बाहेरूनच 90-95 टक्क्यांची हवा आत येते, ती काय सुकवणार? इथे दोन उपाय आहेत आणि दोन्ही एकत्र करायचे.

पहिला, थोडी ऊब. 24 अंशाची 95 टक्के आर्द्रतेची हवा 27 अंशांपर्यंत तापवली तर तीच हवा, पाणी तेवढंच असताना, 80 टक्क्यांच्या आसपास येते. तीन अंशांत पंधरा टक्के. म्हणून पावसाळ्यात दिवसा जाळीच्या वरून, पेटीच्या बाहेर, कमी वॉटचा पिवळा बल्ब लावायचा. थर्मोस्टॅट असेल तर उत्तम, नसेल तर थर्मामीटर बघून उंची ठरवायची. 24 ते 28 अंश या बेडकाला दिवसा छान चालतात. रात्री बल्ब बंद. बल्ब कधीही आत लावू नका, बेडूक त्याला चिकटून भाजतो. आणि तुम्ही मातीखाली जी गरम पट्टी ठेवली आहे ती आजच काढा. ती मातीला खालून शेकते, म्हणजे मी मघाशी सांगितलेल्या पातेल्याखालची चूलच आहे. तुमच्या काचेवरच्या पाण्याचं निम्मं कारण ती पट्टी असेल असं मला वाटतं.

दुसरा, छोटा पंखा. संगणकाचा 80 मिलिमीटरचा 12 व्होल्टचा पंखा घ्या आणि मोबाइलच्या जुन्या 5 व्होल्टच्या चार्जरवर चालवा. बहुतेक पंखे त्यावर हळू आणि आवाज न करता फिरतात, आणि आपल्याला तेवढंच हवं. विकत घेताना दुकानात लावून बघा, एखादा सुरूच होत नाही. पंखा बसवायच्या दोन रीती आहेत आणि त्यांचा परिणाम अगदी वेगळा होतो. जाळीवर बाहेरून बसवून हवा बाहेर खेचली, तर आतली ओल कमी होते. आत, वरच्या कोपऱ्यात बारीक जाळीच्या डब्यात बसवून हवा पुढच्या काचेवरून फिरवली, तर ओल आतच राहते पण काच मोकळी होते. डार्ट फ्रॉगवाल्यांना दुसरी रीत लागते. तुम्हाला सध्या पहिली, कारण तुमची पेटी ओल सोडून द्यायला बघते आहे. टायमरवर दर तासाला दहा मिनिटं पुरेत. वाऱ्याचा झोत बेडकाच्या झोपायच्या जागेवर थेट येता कामा नये, झोतात बसलेला बेडूक अंगातलं पाणी भराभर गमावतो. आणि पंख्याच्या पात्यांना दोन्ही बाजूंनी जाळी हवीच. रात्री बेडूक कुठे हात घालेल सांगता येत नाही.

पावसाळा संपला की हे सगळं पुन्हा बदलायचं. नोव्हेंबरपासून आपल्याकडची हवा कोरडी होत जाते, डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलाच गारठा पडतो. काच बाहेरून गार, आत दिव्याची ऊब, म्हणून सकाळी काच थबथबलेली आणि दुपारी आतली पानं कडक. अशा वेळी तीन बाजूंना थर्माकोल लावा, वरची उघडी जागा थोडी कमी करा आणि फवारा संध्याकाळऐवजी सकाळी मारा, म्हणजे रात्रीच्या गारठ्यात ओलं अंग घेऊन बेडूक बसत नाही. हिवाळ्याचं एवढंच.

उन्हाळ्याबद्दल मात्र सावकाश सांगतो, कारण तिथे जीव जातो. 2014 च्या मे महिन्यात आम्ही दोन दिवसांसाठी गावी गेलो होतो. माझी खोली वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली. मागे पेटी कोरडी पडेल या भीतीने मी भरपूर फवारा मारला आणि वरची जाळी काचेने पूर्ण झाकून गेलो. परत आलो तेव्हा तीन बेडूक मेलेले होते. माती ओली होती, काचेवर पाणी होतं, भांड्यात पाणी होतं. पाण्याला काहीच कमी नव्हतं. ते उष्म्याने गेले. बेडूक स्वतःला थंड ठेवतो तो अंगावरच्या पाण्याची वाफ होऊ देऊन. भोवतीची हवा आधीच पाण्याने भरलेली असेल तर वाफ होत नाही, अंग थंड होत नाही, आणि खोलीबरोबर तोही तापत जातो. माठ उघड्यावर, वाऱ्याला ठेवला तर पाणी गार होतं, तोच माठ बंद कपाटात ठेवला तर होत नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं, आजीने माठ कायम सोप्यातल्या वाऱ्याच्या जागी ठेवला होता. पेटीच्या बाबतीत मात्र ते आठवलं नाही. तो दिवस मी विसरलेलो नाही.

म्हणून मार्च ते मे फवारा वाढवा, दिवसातून दोनदा-तीनदा, पण झाकण उघडं आणि पंखा चालू. कोरडी हवा ओल्या पानांवरून गेली की पेटी खोलीपेक्षा दोन-तीन अंश थंड राहते. पेटी खालच्या, सावलीतल्या खोलीत हलवा. दिव्याची वेळ सकाळी लवकर ठेवा आणि दुपारी तो बंद करा. लाइट जाते तेव्हा पंखा बंद पडतो, म्हणून तो इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. 5 व्होल्टचा असेल तर साधी पॉवर बँकसुद्धा बराच वेळ चालवते.

तुमच्या हायग्रोमीटरवर माझा विश्वास नाही. एक तर तो फवाऱ्याच्या थेट खाली चिकटवलेला आहे, त्यात पाणी गेलं असेल. बाहेर काढून दोन दिवस कोरड्या तांदळात ठेवा, मग मिठाची परीक्षा करा. बाटलीच्या झाकणात दोन चमचे साधं मीठ घ्या, थेंबथेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, मीठ विरघळून पातळ होता कामा नये. ते झाकण आणि हायग्रोमीटर हवाबंद पिशवीत एकत्र ठेवा, रात्रभर हलवू नका. सकाळी त्याने 75 दाखवायला हवं. 80 दाखवलं तर तो पाच जास्त दाखवतो, तेवढे वजा करत चला. 99 च दाखवत राहिला तर टाकून द्या. नवा घेतलात तर पेटीच्या मधल्या उंचीवर, बाजूच्या काचेला, पाण्यापासून लांब लावा. काट्याच्या घड्याळासारखे स्वस्त मापक घेऊ नका, दोन शेजारी ठेवले तर दोन आकडे दाखवतात.

तरी आकड्यापेक्षा मी एका गोष्टीकडे बघतो. फवारा मारल्यावर पान किती वेळात सुकतं? तुमच्या बेडकांसाठी दोन ते तीन तासांत पानांवरचं पाणी गेलं पाहिजे आणि पुढची काच दुपारपर्यंत मोकळी झाली पाहिजे. पावसाळ्यात संध्याकाळ होईल, चालेल. दुसऱ्या फवाऱ्याच्या वेळीही पहिल्याचं पाणी पानावर असेल, तर दुसरा फवारा मारायचा नाही.

आता तो कुबट वास. चांगल्या पेटीला पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास येतो. सडक्या अंड्यासारखा येत असेल तर तळाला पाणी साचून माती हवेविना कुजते आहे, ती माती वाचवता येत नाही, बदलावी लागते. तुमच्या पेटीत कोकोपीट थेट काचेवर आहे, खाली निचऱ्याचा थर नाही. नवी माती भरताना तळाला चार-पाच सेंटिमीटर भाजलेल्या मातीचे हलके गोळे घाला, त्यावर बारीक जाळी, मग कोकोपीट आणि थोडा लाकडी कोळसा, वर आंबा-फणसाची किंवा देशी बदामाची वाळलेली पानं, उकळून घेतलेली. एका कोपऱ्यात उभी नळी सोडून ठेवा, साचलेलं पाणी तिथून सिरिंजने ओढता येतं. ते पाणी आणि जुनी माती रंकाळ्यात, ओढ्यात किंवा बागेत टाकू नका. उभयचरांना मारणारी कायट्रिड बुरशी पाण्यातून पसरते आणि आपल्या सह्याद्रीतल्या बेडकांपर्यंत ती आपल्या हातून जाता कामा नये. पाण्यात ब्लीच घालून तासभर ठेवा आणि मग मोरीत ओता. माती पिशवीत बांधून कचऱ्यात द्या.

लाकडावरच्या पांढऱ्या बुरशीची काळजी नको. नव्या लाकडावर ती पहिले काही आठवडे येतेच, हवा खेळू लागली की ओसरते. स्प्रिंगटेल किडे मिळाले तर मूठभर सोडा, ते ती खाऊन टाकतात. काचेवरचे पांढरे डाग बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचे आहेत. बेडूक बाहेर काढून लिंबाच्या फोडीने घासा, मग साध्या पाण्याने दोनदा पुसा. पुढे फवाऱ्याला आरओचं पाणी वापरा, भांड्याला मात्र क्लोरीन काढलेलं नळाचंच पाणी ठेवा.

या आठवड्यात एवढंच करा: गरम पट्टी बाहेर, प्लॅस्टिक बाहेर, फवारा बंद, पेटी भिंतीपासून पुढे. काचेचं काम आणि माती पुढच्या आठवड्यात. रोज एका वहीत लिहा, पुढची काच किती वाजता मोकळी झाली आणि बेडूक दिवसा कुठे झोपले. हे काम मुलाला द्या, त्याला आवडेल. चार दिवसांनी ती वेळ मला कळवा, मग पंखा किती मिनिटं लावायचा ते ठरवू.